निजलेला आठ

भिंगताईचं टेबल खिडकीला लागून होतं आणि त्याला हात लावायची मुभा घरात दोघांनाच होती. एक तिचे बाबा, दुसरी ती स्वतः. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली, त्यामुळे आता मुभा एकटीलाच. थोरल्या भावाने, म्हणजे दादाने, एकदा विसरून त्या टेबलावर चहाचा कप ठेवला होता. त्या कपाची आठवण घरात अजूनही निघते आणि निघाली की दादा कान पकडतो.

तिला खरं नाव होतं, पण बाजारात ते कुणाला विचारलं तर सांगता आलं नसतं. जुन्या कॅमेऱ्यांच्या लेन्स ती साफ करायची, दुरुस्त करायची. उजव्या डोळ्याला भिंग लावून बसायची इतकी सवय की कित्येकदा ते तसंच कपाळावर सरकवून भाजी आणायला जायची. भाजीवाली म्हणायची, ‘ताई, आमची वांगी एवढी बारीक नाहीत हो!’ तेव्हापासून ती भिंगताई. वहिनी तेवढी तिला ‘वन्सं’ म्हणायची आणि ‘अहो-जाहो’ करायची, लग्न होऊन आली त्या दिवसापासून. भिंगताई वहिनीला ‘तू’ म्हणायची. एका छपराखाली केस पांढरे झाले तरी दोघींनी आपापली रीत सोडली नाही.

भिंगताईने लग्न केलं नव्हतं. ‘नवरा मिळाला नाही का?’ असं कुणी आगाऊपणे विचारलं तर ती म्हणायची, ‘मिळाले की. पण कडं जुळेना.’

हे कड्याचं बोलणं तिच्या कामातलं. रीळ घालायच्या त्या जुन्या कॅमेऱ्यांत कॅमेरा वेगळा आणि लेन्स वेगळी. लेन्सच्या बुडाशी एक कडं, कॅमेऱ्याच्या तोंडाशी दुसरं, आणि त्या दोघांचं जमलं तरच पुढचा संसार. त्याला म्हणतात माउंट. काही माउंट आट्यांचे असतात, बरणीच्या झाकणासारखे फिरवत फिरवत बसवायचे. काही खटक्याचे असतात, आत सरकवून जरासं वळवलं की खट्. आणि ज्या त्या कारखान्याने आपलं कडं निराळं काढलेलं, शेजाऱ्याची लेन्स आपल्या दारात यायला नको म्हणून.

‘म्हणजे आपल्यासारखंच की,’ वहिनी म्हणाली होती. ‘सोयरीक करायची ती आपल्यातच.’

‘आट्याची सून सावकाश येते, पण घट्ट बसते. खटक्याची येते झटक्यात आणि जाते झटक्यात.’

‘मग मी कुठली हो, वन्सं?’

‘तू आट्याची. दादाने एवढं फिरवलं तरी निघाली नाहीस.’

दादा पेपरामागून म्हणाला होता, ‘मी नाही बाई फिरवलं. मीच गरगरतोय अजून.’

टेबलावर मधोमध बसलेला असायचा तो बिनपाठ्या. बाबांनी एका बाद कॅमेऱ्याचा मागचा दरवाजा काढून टाकला होता, आतला आरसा काढला होता, आणि जिथे रीळ ताणलेलं असतं बरोब्बर त्या जागी एक दुधी काच बसवली होती, दोन पितळी पट्ट्यांखाली सरकवून. तोंडाशी हव्या त्या माउंटचं कडं लावता यायचं. अशी कडी बाबांनी स्वतः कानस चालवून बनवली होती. कुठलीही लेन्स दुरुस्त झाली की ती बिनपाठ्यावर चढवायची, खिडकीतून दूर टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीवर रोखायची आणि मागच्या दुधी काचेवर पडलेलं चित्र भिंगातून बघायचं. टाकीला एक लोखंडी शिडी होती. लेन्सवर अंतराचे आकडे असतात आणि शेवटी आडवा पडलेला आठ, म्हणजे लांबच लांब. बाबा त्याला निजलेला आठ म्हणायचे. खूण निजलेल्या आठावर असताना शिडीची पायरी न् पायरी सुटी दिसली की लेन्स पास. नाही दिसली तर पुन्हा उघडा. देवापुढे जशी सबब चालत नाही तशी त्या टेबलावर शिडीपुढे चालायची नाही.

त्या वर्षी भिंगताईची खोली रंगवायची निघाली. ती असताना रंगारी आत पाऊल टाकणार नाही हे दादाला ठाऊक, म्हणून त्याने गोडीगुलाबीने तिला मावसबहिणीकडे चार दिवस धाडलं. जाताना तिने टेबलावर जाड चादर टाकली, चारी टोकं दोरीने बांधली आणि वहिनीला बजावलं, ‘ही गाठ सुटली तर आपलं नातं सुटलं.’

ती परतली तेव्हा भिंती पांढऱ्याशुभ्र झाल्या होत्या, खोलीला ओल्या रंगाचा वास होता, आणि चादर आपल्या जागी, गाठी मारलेली. भिंगताईने गाठी सोडल्या, सगळं जिथल्या तिथे पाहिलं आणि मनातल्या मनात वहिनीला शाबासकी दिली. तोंडाने नाही दिली. नणंदेने एवढं पटकन खूश होऊ नये.

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरभाऊ आला. हा डोंगराकडच्या रस्त्यावर बस चालवायचा. आवाज असा की बसला हॉर्नची गरज नसावी. त्याच्याकडे आट्यांच्या माउंटचा एक जुना कॅमेरा होता आणि त्याची लेन्स फिरता फिरत नव्हती, आतलं वंगण वाळून डिंक झालं होतं.

‘ताई, येत्या शनिवारी माझी शेवटची फेरी. मग घरी. त्या रस्त्यावर सात पूल आहेत. सगळ्यांचे फोटो काढायचे, लांबून, डोंगरासकट. जन्मभर मी त्यांच्यावरून गेलो, एकदा त्यांना नीट बघावं म्हणतो.’

‘बुधवारी न्या,’ भिंगताई म्हणाली.

वंगण बदलायचं तर लेन्स पोटापर्यंत उघडावी लागते. पोटात दोन नळ्या एकमेकींत फिरत असतात, आट्यांवर. बरणीच्या झाकणाला आट्याचं तोंड एकच, कुठूनही लावा, बसतं. या नळ्यांना तोंडं अनेक. कुठल्याही तोंडातून शिरली तर आतली नळी गुण्यागोविंदाने फिरते, अगदी मऊ, पण बरोबर तोंड एकच. बाकी सगळ्यांतून शिरली तर लेन्स दिसायला धडधाकट आणि लांबचं बघायला आंधळी. म्हणून नळ्या सुटतात त्या क्षणी, त्याच जागी सुईने ओरखडा काढून ठेवायचा. भिंगताई ओरखडा काढताना मोठ्याने म्हणायची, ‘इथे सुटली.’ आणि परत जोडताना, ‘इथेच धरली.’ बाबांची शिकवण. तोंडाने म्हटलं की हाताच्या लक्षात राहतं.

तिने नळ्या साफ केल्या, नवं वंगण घातलं, ओरखड्याला ओरखडा लावून जोडली, बिनपाठ्यावर चढवली. निजलेल्या आठावर टाकी धुरकट. शिडी तर गायबच. अंतराची रिंग फिरवत फिरवत चार मीटरच्या आकड्याशी आणली तेव्हा शिडी दिसली.

‘चुकलं वाटतं,’ ती म्हणाली. हात कधी चुकत नाही असं नाही. तिने पुन्हा उघडली, शेजारच्या तोंडातून नळी घातली, थोडं इकडे थोडं तिकडे जमवलं आणि निजलेल्या आठावर शिडी आणून सोडली. बुधवारी ड्रायव्हरभाऊ घेऊन गेला.

गुरुवारी सकाळी परत दारात.

‘ताई, रागावू नका. जवळची माणसं झकास दिसतात. बायकोच्या कपाळावरची आठीसुद्धा. पण लांबचं सगळं धुक्यात. रिंग शेवटाला टेकली तरी टेकडी काही उघडत नाही.’

भिंगताईने त्याच्या कॅमेऱ्यातून स्वतः पाहिलं. तो खरं बोलत होता.

‘ठेवून जा,’ ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच वेगळा लागला.

तो गेल्यावर तिने लेन्स पुन्हा उघडली. ओरखडा पाहिला. स्वतःचाच, ताजा. ‘इथेच धरली,’ म्हणत अगदी त्यावरच जोडली. बिनपाठ्यावर चढवली. शिडी चार मीटरशी. पुन्हा उघडली. पुन्हा जोडली. पुन्हा चार मीटर. म्हणजे ओरखडाच चुकीच्या जागी काढला गेला होता. नळ्या एकीकडे सुटल्या आणि हाताने खूण दुसरीकडेच केली, आणि तोंडाने म्हटलं, ‘इथे सुटली.’

इथे तिला आई आठवली.

आईचं विसरणं असंच सुरू झालं होतं, हातापासून. नावं, चेहरे सगळं शाबूत होतं, पण स्वेटर विणताना एक टाका इकडचा तिकडे जायचा. आई उसवायची, पुन्हा विणायची, पुन्हा तिथेच चुकायची. ‘अगं, मी बरोबरच घातला होता,’ म्हणायची. मग गुंड्या. एक गुंडी वरच्या काजात जायची आणि सगळा झंपर तिरका. शेवटी शेवटी भिंगताई समोर उभी असताना आई तिला विचारायची, ‘माझी मुलगी आली का हो कामावरून?’ ते सहा-सात महिने वहिनीने आईचं सगळं केलं होतं, लहान लेकरासारखं, आणि भिंगताईने ते पाहिलं होतं. त्यानंतर तिला एकाच गोष्टीची भीती उरली होती. मरणाची नाही. समोर वहिनी उभी असताना ‘तुम्ही कोण?’ असं विचारायची.

एक शेवटची खात्री करायची म्हणून तिने फडताळातून बाबांची लेन्स काढली. ती बाबांनी स्वतः जुळवलेली. दर दिवाणखान्यात एखादं घड्याळ असतं, ज्यावरून बाकीची लावायची, तशी ती लेन्स होती. बाबा गेल्यावर ती कुणी उघडलेली नव्हती. भिंगताईने ती बिनपाठ्यावर चढवली, निजलेल्या आठावर ठेवली आणि भिंग डोळ्याला लावलं.

टाकी धुरकट. शिडी नाही.

ती खुर्चीत मागे टेकली. खिडकीबाहेर कुणाचं तरी धुणं वाळत होतं, ते ती बराच वेळ बघत राहिली. बाबांची लेन्स आपोआप बिघडत नाही. म्हणजे कुणीतरी उघडली होती. या टेबलाला हात लावणारं माणूस घरात एकच. म्हणजे आपण ती उघडली, चुकीची जोडली, परत फडताळात ठेवली, आणि आपल्याला त्यातलं काहीही आठवत नाही.

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, एक सोडून दोन लेन्स सारख्याच चुकतात, तर आधी मोजणारा तपासा. भिंगताईने दुसऱ्या कुणाला हेच सांगितलं असतं, वर दोन शब्द सुनावलेही असते. पण मन चिंती ते वैरी न चिंती. तिला त्या क्षणी बिनपाठ्या दिसला नाही, आईचा तिरका झंपर दिसला.

दुपारी जेवताना तिने वाटीतली आमटी ढवळत सांगितलं, ‘दादा, मी काम बंद करते.’

दादाचा घास थांबला. ‘का गं? डोळे?’

‘डोळे बरे आहेत.’

‘मग?’

‘कंटाळा आला. चष्मेवाल्याला निरोप धाडलाय. उद्या येऊन हत्यारं, कडी, बिनपाठ्या, सगळं घेऊन जाईल. त्याला उपयोग होईल.’

चष्मेवाला म्हणजे नाक्यावरचा. त्याचा त्या टेबलावर कितीक वर्षं डोळा होता आणि दर वेळी भिंगताई त्याला हात हलवत परत पाठवायची.

वहिनी वाढता वाढता उभी राहिली. ‘कंटाळा? वन्सं, तुम्हाला? ताप असताना उशाशी लेन्स घेऊन झोपता तुम्ही.’

‘माणसाला कंटाळा येऊ शकतो, वहिनी.’

‘येतो. पण तो आला की माणूस आरामात दिसतं. तुमचा चेहरा बघा आरशात, दिवा विझल्यासारखा झालाय.’

भिंगताई ताटावरून उठली. मोरीशी हात धुताना वहिनी मागे आली आणि हळूच म्हणाली, ‘मला तरी सांगा.’ भिंगताई म्हणाली, ‘आईने पहिल्यांदा टाका चुकवला तेव्हा तिला कळलं असेल का गं?’ आणि उत्तराची वाट न बघता खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

वहिनीला तेवढं पुरे झालं. तिने स्वतःच्या हातांनी आईची गुंडी काढून पुन्हा लावली होती, रोज. ती जाऊन देवापुढे बसली. वहिनीचं देवाशी बोलणं कुणी ऐकलं तर वाटावं शेजारणीशी चाललंय. ‘हे बघ,’ ती म्हणाली, ‘सासूबाईंच्या वेळी मी काही बोलले नाही. तू त्यांना नेलंस आणि मी सगळं मुकाट केलं. पण हिला नाही. हिचा हात चालू दे. मग माझ्याकडून काय हवं ते घे.’ समई तेवत होती. जरा वेळाने वहिनी उठली.

शुक्रवारी सकाळी भिंगताई आंघोळीहून आली तेव्हा खोलीचं दार उघडं होतं. आज सगळं बांधायचं होतं. तिने हत्यारांची पेटी ओढली आणि बोटाला काहीतरी लागलं. बुळबुळीत. पेचकस हातात घेतला, मुठीवर तेलाचं एक बोट. चिमट्यावर बोट. सुईच्या मुठीवर बोट. डब्यातल्या कड्यांवर एकेक. बिनपाठ्या वळवला, तर त्याच्या दुधी काचेवर मधोमध, टिळा लावल्यासारखं, भलंमोठं बोट.

‘वहिनीऽऽ!’

वहिनी पदराला हात पुसत आली आणि उंबऱ्यातच थांबली.

‘काय केलंस हे?’

‘देवाच्या समईतलं तेल आहे. म्हटलं... म्हटलं तुमचे हात परत नीट चालू देत, म्हणून एकेक बोट लावलं.’

‘काचेला तेल? लेन्सच्या कामात? दादाचा चहाचा कप बरा होता गं बाई!’ बोलता बोलता भिंगताईने पदराचं टोक घेतलं आणि काच पुसू लागली. डाग जाईना. जिथे तेल लागलं होतं तिथे काच दुधी राहिलीच नव्हती. तिथे बोटाएवढी खिडकी पडली होती आणि तिच्यातून बिनपाठ्याच्या पोटातला काळोख आरपार दिसत होता.

भिंगताईचा हात थांबला.

तिने पुन्हा पुसून पाहिलं. मग दुसऱ्या हाताने टेबलावरचा चष्मा उचलला, त्याच्या काचेवर तेलाचं बोट टेकवलं. तिथे तेल नुसतं चकाकलं, पुसलं तर गेलं. गुळगुळीत काचेवर तेल बसतं आणि निघतं. खरबरीत काच तेल पिते आणि मग स्वच्छ काचेसारखी होते. दुधी काचेला एक बाजू गुळगुळीत असते आणि एक खरबरीत. बिनपाठ्याची खरबरीत बाजू आत असायची, लेन्सकडे, कारण चित्र तिच्यावर पडतं. बाहेरची बाजू गुळगुळीत. बाबांनी बसवली तेव्हापासून.

आणि तेल बाहेरून लावलं होतं.

तिने काचेवर नख ओढलं. खर्र.

‘वहिनी,’ ती इतक्या हळू म्हणाली की वहिनी ओरडण्यापेक्षा जास्त घाबरली, ‘ही काच कुणी काढली होती?’

‘कुठली?’

‘ही.’

‘मी कशाला काढू?’

‘काढलीस असं म्हटलं नाही मी. कुणी काढली विचारलं.’

वहिनीने खाली बघितलं. मग छताकडे. मग म्हणाली, ‘रागावणार नाही?’

‘वहिनी!’

‘तो मेला रंगारी! शिडीवरून त्याचा डबा कलंडला. तुमच्या चादरीवर पांढरा लोट. चादरीतून झिरपलं आतपर्यंत. मी काय करणार? गाठी सोडल्या, सगळं एकेक पुसलं आणि जिथल्या तिथे ठेवलं, डोळे मिटून सुद्धा सांगेन कुठे काय होतं. या काचेवर थेंब उडाले होते. पट्ट्या सरकवल्या, काढली, साबणाने धुतली, लख्ख केली, परत घातली. चादर धुऊन वाळवून पुन्हा बांधली. तुम्ही म्हणाला होता गाठ सुटली तर नातं सुटलं, म्हणून तोंड उघडलं नाही.’

‘कुठली बाजू कुठे होती?’

‘काचेला बाजू असते?’

भिंगताई खाली बसली. खुर्ची होती मागे म्हणून बरं. तिला हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते कशाने थांबेना. वहिनी धावत आली, तिचं डोकं पोटाशी धरलं. ‘अगं, काय झालं? मी काही मोडलं का? रडू नकोस गं. तू रडू नकोस.’

जन्मात पहिल्यांदा वहिनीच्या तोंडून ‘तू’ निघालं होतं, आणि दोघींपैकी एकीच्याही ते लक्षात आलं नाही.

‘मी विसरले नव्हते,’ भिंगताई तिच्या पदरात म्हणाली. ‘बाबांची लेन्स मी उघडलीच नव्हती. ओरखडा बरोबर होता. सगळं बरोबर होतं. काच उलटी होती गं, नुसती काच! काचेच्या जाडीएवढं चित्र मागे गेलं आणि मी आईपर्यंत जाऊन आले.’

वहिनीला जाडीचं काही कळलं नाही. आईचं कळलं. ती भिंगताईच्या पाठीवरून हात फिरवत राहिली आणि मध्येच देवघराकडे मान वळवून म्हणाली, ‘बरं. ऐकलंस म्हणायचं.’

दादा दारात आला होता, तोंडावर अर्धा साबण. ‘काय झालं?’

‘काही नाही,’ वहिनी म्हणाली. ‘दाढी करा.’

मग भिंगताईने पट्ट्या सरकवून काच काढली. साबणाने दोनदा धुतली, तेल पूर्ण जाईपर्यंत, उजेडात धरून वाळवली, दोन्ही बाजूंवर नख फिरवलं आणि खरबरीत बाजू आत करून घातली. बाबांची लेन्स चढवली. भिंग डोळ्याला लावलं.

निजलेल्या आठावर टाकी हजर होती. शिडीच्या पायऱ्या अशा सुट्या की एकेक बोटाने उचलून घ्यावी. वरून तिसरी पायरी वाकलेली होती. ती तिच्या लहानपणापासून वाकलेलीच होती. भिंगताई त्या वाकड्या पायरीकडे बघतच राहिली, गावाहून आलेल्या माणसाकडे बघावं तसं.

ड्रायव्हरभाऊची लेन्स ओरखड्यावर जोडून तशीच पडली होती. ती चढवली. निजलेला आठ. शिडी. वाकडी पायरी. पहिल्याच वेळी बरोबर झालं होतं काम.

दहाच्या सुमाराला चष्मेवाला दोन मोठ्या पिशव्या घेऊन आला. वहिनीने दार उघडलं, पण उंबऱ्यावरून बाजूला झाली नाही.

‘ताईंनी बोलावलंय. हत्यारं न्यायला.’

‘वन्सं कामात आहेत.’

‘अहो, काम बंद केलं ना त्यांनी?’

‘केलं होतं. काल. आज चालू आहे.’ वहिनीला त्याच्या पिशव्यांकडे बघून जरा दया आली. ‘पुढच्या चौकात चांगली वांगी आलीत. पिशव्या आणल्याच आहेत तर घेऊन जा.’

ड्रायव्हरभाऊ दुपारी आला तो आवाज खाली ठेवून, आजाऱ्याला भेटायला आल्यासारखा. भिंगताईने त्याच्या कॅमेऱ्यात लेन्स घट्ट फिरवून बसवली आणि त्याला खिडकीशी उभं केलं. त्याने डोळा लावला, रिंग शेवटाला नेली, आणि मग आपला नेहमीचा आवाज त्याला सापडला.

‘आली की टेकडी! ताई, टाकीवरचा कावळा दिसतोय!’

‘कावळ्याचं मी काही केलेलं नाही.’

‘काय झालं होतं हो?’

भिंगताईने वहिनीकडे पाहिलं. वहिनी एकदम पडद्याची घडी नीट करायला लागली.

‘तपासायच्या कॅमेऱ्यात जराशी गडबड होती,’ भिंगताई म्हणाली. ‘घरच्या माणसाच्या लक्षात आली म्हणून बरं. नाहीतर मी हातच टेकले होते.’

तो शनिवारचे सगळे फोटो दाखवायला आणीन असं सांगून गेला. जिन्यावरून उतरताना तो कुणाला तरी मोठ्याने कावळ्याबद्दल सांगत होता.

खोलीत दोघीच उरल्या. वहिनी अजून पडद्याशीच. भिंगताईने खुर्ची मागे सरकवली.

‘इकडे ये. बस.’

‘मी? त्या टेबलाशी?’

‘तेलाची बोटं लावताना विचारलं होतंस? बस आता. आठवड्यातून एकदा हे टेबल तू पुसायचंस. मी शिकवते कशाला बाजू असते आणि कशाला नसते. आणि तेल घेऊन परत आलीस तर खरंच नातं सुटलं.’

वहिनी खुर्चीच्या अगदी कडेवर बसली, दुसऱ्याच्या घरी बसल्यासारखी. भिंगताईने बिनपाठ्या तिच्यासमोर ओढला, वरून काळं फडकं धरलं आणि भिंग तिच्या हातात दिलं. एवढ्या वर्षांत वहिनीने त्या काचेत कधी पाहिलं नव्हतं. तिने एक डोळा मिटला, मग चुकून दुसराही मिटला, मग एक उघडला.

फडक्याखाली भिंग पुढे-मागे होत राहिलं.

‘दिसली का शिडी?’

‘अगंबाई!’ वहिनी फडक्यातून डोकं काढून उभीच राहिली. चेहरा पांढराफटक. ‘वन्सं, टाकी उलटी लटकतेय! पाय वर, डोकं खाली! हे मात्र मी केलेलं नाही हं. देवाशपथ नाही. मी नुसती काच धुतली होती!’

‘ती उलटीच दिसते, वहिनी,’ भिंगताई म्हणाली आणि हसू आवरेना म्हणून टेबलाला धरून उभी राहिली. ‘बाबांच्या वेळेपासून.’